आधी मीटर, मग डाख

हिरण्यकेशीच्या काठी वसलेल्या आजऱ्याची कीर्ती बाहेरच्या माणसांपर्यंत पोहोचली आहे ती घनसाळ तांदळामुळे, रामतीर्थामुळे, आणि फार तर ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत यांचे हे जन्मगाव असल्यामुळे, तेव्हा संकेश्वराहून आंबोलीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या, एके काळी इचलकरंजीकर जहागीरदारांच्या अमलाखाली असलेल्या या तालुक्याच्या गावी बसून कोणी जुन्या स्टिरिओ रिसिव्हरमधील अँप्लिफायरच्या दुरुस्तीवर पुस्तिका लिहावी, आणि वर तिला अशी लांबलचक प्रस्तावना जोडावी, याचे वाचकाला नवल वाटणे साहजिक आहे. परंतु या परिसरातील घरांचे माळे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ते वाटणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत उमेद घालवून १९८२ च्या संपानंतर गावी परतलेल्या कुटुंबांनी, आखातात नोकरीला गेलेल्यांनी, जहाजावर चाकरी केलेल्यांनी आणि फौजेतून पेन्शन घेऊन आलेल्यांनी जी यंत्रे मोठ्या हौसेने घरी आणली, त्यांत लाकडी पेटीतले, रुपेरी दर्शनी पट्टीचे, जड बटणांचे जपानी रिसिव्हरही होते. त्यांतले बरेचसे आज बंद आहेत, आणि माझे स्पष्ट मत असे आहे की जी बंद आहेत त्यांतली पुष्कळशी वयामुळे बंद पडलेली नसून अयोग्य दुरुस्तीमुळे बंद पडलेली आहेत.

रिसिव्हर म्हणजे रेडिओ पकडणारा ट्यूनर, बारीक संकेताला आकार देणारा प्री-अँप्लिफायर आणि स्पीकरचे बॉक्स हलवणारा पॉवर अँप्लिफायर, या तिघांना एकाच पेटीत व एकाच ट्रान्स्फॉर्मरवर नांदवणारे यंत्र. अमेरिकेत १ जून १९६१ पासून एफ.एम. स्टिरिओ प्रक्षेपणाला परवानगी मिळाली आणि या यंत्राला खरे बळ आले. पुढच्या दशकात मरांट्झ, पायोनियर, सान्सुई, केनवुड, यामाहा, सोनी या कंपन्यांत जी अहमहमिका लागली तिचे पर्यवसान १९७८ च्या सुमारास पायोनियरच्या एसएक्स-१९८० या सेटात झाले, जो दर चॅनेलला २७० वॅट देत असे आणि वजनाला ३५ किलोच्या आसपास भरत असे. इतकी शक्ती दिवाणखान्यात कोणाला हवी होती, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारलेला दिसत नाही. तथापि एक गोष्ट त्या कंपन्यांच्या पदरात टाकलीच पाहिजे: १९७४ पासून अमेरिकन सरकारने वॅटचे आकडे कसे मोजावेत आणि कसे छापावेत याचे नियम घालून दिल्यामुळे त्या काळातल्या सेटावर ३० वॅट लिहिलेले असले तर ते खरोखरीचे ३० वॅट असतात, जे आजच्या कित्येक चकचकीत डब्यांवरील हजारो वॅटांबद्दल छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आपल्याकडे मात्र या यंत्राचा अर्धा भाग दीर्घकाळ मुका राहिला. भारतात एफ.एम. प्रक्षेपणाचा आरंभ मद्रासला १९७७ मध्ये झाला आणि ते आपल्या बाजूच्या गावखेड्यांपर्यंत यायला पुढे बरीच वर्षे गेली. तोवर डायलवरचा एफ.एम.चा पट्टा म्हणजे निव्वळ फुसफुस. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेल्या सेटांची स्थिती तर आजही विचित्र आहे, कारण त्यांचा एफ.एम.चा पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झचा, आणि आपली केंद्रे ८८ ते १०८ च्या दरम्यान. मध्यम लहरींवर अर्थात १९५० साली सुरू झालेले धारवाड होते, १९५३ चे पुणे होते, १९६३ पासून सांगली होते. आणि ज्या भूमीत अल्लादियाखाँसाहेबांचे वास्तव्य झाले व देवल क्लबासारखी संस्था १८८३ पासून गाणे जोपासत आली, त्या कोल्हापूर इलाख्यातील श्रोत्याला रात्रीच्या वेळी कानडी निवेदनामागून येणारा एखादा बसंती केदार पकडण्यासाठी ट्यूनरची सुई केसभर हलवण्याचे कौशल्य शिकवावे लागत नसे. पण स्टिरिओचा खरा उपयोग व्हायचा तो तबकडी आणि टेप लावल्यावर, म्हणजेच अँप्लिफायरच्या जोरावर. म्हणून या पुस्तिकेतून ट्यूनर मी जाणूनबुजून वगळला आहे. त्याच्या कॉइलींना योग्य उपकरणांवाचून हात लावू नये इतकेच त्याच्याविषयी सांगणे पुरे.

परदेशी छापील सर्व्हिस मॅन्युअले उत्तम असतात. एकेका बिंदूवर किती व्होल्ट असावेत हे त्यांत तांबड्या किंवा काळ्या अक्षरांत दिलेले असते, आणि ज्याला ते मिळेल त्याने ते जमिनीच्या खरेदीखतासारखे जपून ठेवावे. परंतु ती लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: खोली कोरडी आहे आणि भिंतीतला वीजपुरवठा स्थिर आहे. आजऱ्यात या दोन्ही गृहीतांचा निकाल पहिल्या पावसातच लागतो.

विजेपासून आरंभ करू. बहुतेक निर्यातीच्या सेटांच्या पाठीमागे ११०, १२०, २२०, २४० असे आकडे लिहिलेला एक फिरता स्विच असतो, आणि तो जवळजवळ नेहमी २२० वर ठेवलेला आढळतो, कारण सेट जिथून आला तिथे तो तसाच होता व इथे कोणी त्याकडे पाहिले नाही. पूर्वी संध्याकाळी दिवे मिणमिणत तेव्हा यातून विशेष बिघडत नसे. परंतु आता डीपी जवळ असलेल्या घरात मध्यरात्री २४५ व्होल्ट दिसणे अपूर्व नाही; आणि २२० च्या टॅपवर २४५ दिले की आतला ४५ व्होल्टांचा पुरवठा ५० च्या वर जातो, जिथे फिल्टर कंडेन्सरावर कंपनीने ५० हीच मर्यादा छापलेली असते. चाळीस वर्षांचा, आतून सुकत आलेला कंडेन्सर रोज रात्री आपल्या मर्यादेच्या पलीकडे उभा राहतो आणि एके दिवशी फुगतो. मग मालक म्हणतो की सेट चांगला चालू असता अचानक गेला. स्विच २४० वर नेणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे, आणि जुना सेट हाती आल्यावर झाकण उघडण्याच्याही आधी ते करावे. अमेरिकेतून थेट आलेल्या सेटाला ही सोय नसते. त्याला स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर लागतोच. शिवाय त्याचा आतला ट्रान्स्फॉर्मर ६० सायकलसाठी गुंडाळलेला असल्यास आपल्या ५० सायकलवर त्याच्या गाभ्यातले चुंबकत्व एक-पंचमांशाने वाढते आणि तो गरम होऊन गुणगुणतो. ही गुणगुण पेटीतून येते, बॉक्समधून नव्हे, हा भेद ध्यानात न घेता चांगले कंडेन्सर बदलून टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

पावसाळ्याचे प्रकरण याहून सूक्ष्म आहे. आंबोलीच्या घाटमाथ्यावरून उतरणारे धुके ज्या गावात दिवसेंदिवस ठाण मांडून बसते आणि धुतलेले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे स्विचांच्या चांदीचा मुलामा दिलेल्या पट्ट्या काळ्या पडणे अटळ आहे. इथल्या तक्रारींपैकी फार मोठा वाटा या काळेपणाचा असतो आणि त्यात अँप्लिफायरचा काही दोष नसतो. ‘एक बॉक्स बंद पडलाय’ म्हणून आणलेल्या सेटाचे टेप मॉनिटरचे बटण दहा-वीस वेळा आतबाहेर करताच तो बॉक्स बोलू लागतो; ‘हळू लावलं की आवाज फाटतोय, मोठा केला की बरा होतोय’ ही तक्रार तर जवळजवळ निश्चितपणे बॉक्सच्या वाटेवरील रिलेच्या गंजलेल्या संपर्कबिंदूंची असते, कारण मोठा प्रवाह त्या पापुद्र्याला भेदून जातो आणि लहान प्रवाह अडतो. याच ओलाव्याचा दुसरा बळी म्हणजे सत्तरीच्या दशकातले काही जपानी ट्रान्झिस्टर, ज्यांच्या पायांना चांदीचा मुलामा होता. हे पाय कोळशासारखे काळे झाले की ट्रान्झिस्टर मरत नाही, पण खरखरतो, फुरफुरतो, आणि आवाज पूर्ण कमी केला तरी ती खरखर बॉक्समधून येतच राहते. तिसरा बळी छापील बोर्डाचा. मोठे कंडेन्सर हलू नयेत म्हणून कारखान्यात घातलेला पिवळसर डिंक उष्णतेने तपकिरी होतो, ओल शोषतो, विजेला वाट देतो आणि शेजारच्या तारा खातो. तो चाकूने खरवडून स्पिरिटने पुसून काढावा, आणि ते करताना खालच्या डायोडचे पाय शिल्लक आहेत की नाहीत तेही पाहावे. बोर्डावर मुंग्यांची वारुळे आणि पालीची अंडी सापडतात, त्यांचा तपशील देत नाही.

स्विच आणि व्हॉल्यूम साफ करण्यासाठी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सीटीसी, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड, वापरले गेले. ते यकृताला घातक आहे आणि त्याचा वास कोंदट दुकानात दिवसभर घेणाऱ्या कारागिरांनी त्याची किंमत मोजलेली आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि व्हॉल्यूमसाठी तेलकट कॉन्टॅक्ट क्लीनर सहज मिळत असताना त्या बाटलीला दुकानात जागा असू नये.

आता मुख्य विषयाकडे वळतो. ज्या वर्षी, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्यानंतर दहाच दिवसांनी, २ ऑगस्टला, बेल प्रयोगशाळेतील हॅरल्ड ब्लॅक हा तरुण अभियंता हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीतून कामावर जात असता त्याला निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्याने तिचे समीकरण मांडले. अँप्लिफायरातून बाहेर पडणाऱ्या संकेताचा अल्पसा अंश उलटा करून पुन्हा आत आणावा, आत येणाऱ्या मूळ संकेताशी त्याची रुजवात घालावी, आणि जी तफावत निघेल तेवढीच वाढवावी, म्हणजे यंत्राने स्वतः घातलेली विकृती बहुतांशी नाहीशी होते, असे त्या कल्पनेचे थोडक्यात स्वरूप आहे. १९७० नंतरचा बहुतेक प्रत्येक रिसिव्हर या तत्त्वावर उभा आहे: आत जोडीने बसलेले दोन ट्रान्झिस्टर, ज्यांपैकी एकाच्या हाती आलेला संकेत व दुसऱ्याच्या हाती परत आलेला; त्यांच्यापुढे व्होल्टेज वाढवणारा तिसरा; त्यापुढे ड्रायव्हर; आणि शेवटी पंखांच्या अॅल्युमिनिअमवर आवळलेले पॉवर ट्रान्झिस्टर.

ऐकणाऱ्याला या रचनेतून मिळालेले सुख मोठे आहे, पण दुरुस्त करणाऱ्यापुढे तिने एक विलक्षण पेच टाकलेला आहे. जुन्या व्हॉल्व्हच्या सेटात दोन टप्प्यांच्या मध्ये कंडेन्सर असे आणि एका टप्प्याचा बिघाड त्या टप्प्यापुरता राही. इथे सर्व टप्पे थेट जोडलेले आणि वर फीडबॅकने शेवट आरंभाला बांधलेला, त्यामुळे कुठेही एक काडी मोडली की सगळीकडचे व्होल्टेज बिघडलेले दिसते, आणि सामाईक सातबाऱ्यावरच्या तंट्याप्रमाणे ओरडतो एक व बांध कोरलेला असतो दुसऱ्यानेच. अशा वेळी जो भाग जळलेला दिसतो तोच दोषी असे मानणे ही सर्वांत महागडी चूक होय. पॉवर ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तो बदलला, बटण दाबले, पुन्हा गेला, पुन्हा बदलला, या चक्रात माणसे कारागिराला आणि कारागीर नशिबाला दोष देतात. वस्तुतः त्या ट्रान्झिस्टरला जाळणारा ड्रायव्हर, किंवा बायसचा झिजलेला प्रिसेट, किंवा अर्धवट तुटलेला ०.४७ ओहमचा एमिटर रेझिस्टन्स जागच्या जागी बसून असतो. प्रिसेटबद्दल तर विशेष सावध राहावे, कारण काही रचनांत त्याचा सरकता काटा ओलाव्याने सुटला की बायस शून्यावर न जाता कमालीच्या टोकाला जातो.

म्हणून या पुस्तिकेची सगळी मांडणी एकाच आग्रहाभोवती आहे: डाख देण्यापूर्वी मोजा. सेट डायरेक्ट-कपल्ड असेल, म्हणजे आउटपुट आणि बॉक्स यांच्या मध्येही कंडेन्सर नसेल, तर बॉक्स काढून ठेवून बाहेर जाणाऱ्या तारेवरचा डी.सी. व्होल्टेज पाहावा, तो शून्याच्या जवळ, पन्नास मिलिव्होल्टांच्या आत, असायला हवा. तो चाळीस व्होल्ट निघाला तर घाबरून भाग उपटू नयेत, तर आरंभीच्या त्या जोडीकडे जावे आणि ती काय करू पाहते आहे ते मोजावे. बाहेरचा व्होल्टेज वर चढलेला असताना ही जोडी त्याला खाली ओढण्याच्या दिशेने झुकलेली असेल तर तिचे काम चोख आहे व तिचा हुकूम पुढे कोणी मानीत नाही, अर्थात दोष तिच्यापुढे शोधावा; ती तशी झुकलेलीच नसेल तर दोष तिच्यात किंवा फीडबॅकच्या वाटेवर आहे. या एका मोजणीने अर्धे सर्किट संशयातून मुक्त होते. दुसरा चॅनेल चांगला असेल तर त्याच्याच बोर्डावरचे आकडे शेजारी लिहून काढावेत, आणि मॅन्युअल नसल्याचे दुःख करू नये. ज्या सेटांच्या मागे प्री-आउट आणि मेन-इन यांना जोडणाऱ्या वाकड्या कड्या असतात तिथे डावे-उजवे आलटून पाहावे; बिघाड बॉक्स बदलून उडी मारतो की जागीच राहतो यावरून तो कडीच्या कोणत्या बाजूला आहे हे झाकण न उघडताच कळते.

घुमण्याच्या तक्रारीतही असाच भेद करता येतो. पुरवठ्याच्या सुकलेल्या फिल्टर कंडेन्सरचा घुमारा शंभर सायकलचा, किंचित कर्कश; तुटलेल्या अर्थिंगचा किंवा उघड्या शील्डचा पन्नासचा, खोल आणि गोल. व्हॉल्यूम वाढवताना घुमारा वाढत असेल तर तो व्हॉल्यूमच्या आधीच्या भागातला, आणि व्हॉल्यूमला दाद देत नसेल तर नंतरचा. सुरात तानपुरा लावणाऱ्या कोणालाही हे दोन घुमारे मीटरवाचून ओळखता येतील.

अलीकडे मुंबई-पुण्याच्या हौशी मंडळींत जुना सेट मिळताच त्यातले सर्वच्या सर्व कंडेन्सर एका बैठकीत बदलण्याची जी रीत पडली आहे, तिला माझा विरोध आहे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर म्हातारा होतो हे खरे. आउटपुटचा २२०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर सुकून २२० वर आला तर आठ ओहमच्या बॉक्सवर नऊ सायकलपासून मिळणारा खर्ज नव्वद सायकलवरच थांबतो आणि पखवाज डबड्यासारखा वाजतो, हे गणित कोणालाही मांडून पाहता येईल. परंतु बंद सेटातले साठ भाग एकदम बदलले की मूळ बिघाड तसाच राहून त्यात एखादा उलटा बसवलेला कंडेन्सर आणि दोन-चार ड्राय सोल्डर यांची भर पडते, आणि मग खरा दोष कोणता व आपण केलेला कोणता हे सांगणे त्या मंडळींच्याही हाती राहत नाही. आधी सेट चालू करावा, त्याचे आकडे जुळवावेत, आणि मग थकलेले भाग चार-चार करून, दर वेळी पुन्हा मोजत, बदलावेत.

हत्यारांचा फार पसारा लागत नाही. एक बरा डिजिटल मल्टिमीटर, डाख द्यायची पंचवीस ते चाळीस वॅटची कांब, डाख ओढून घेणारा पंप, आणि सिरीज बोर्ड. हा शेवटचा म्हणजे पुरवठ्याच्या तारेत साठ किंवा शंभर वॅटचा तारेचा बल्ब घातलेला साधा होल्डर. दुरुस्त केलेला सेट प्रथम याच्यातून चालू करावा: बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर आत शॉर्ट नाही, उजळलेलाच राहिला तर बटण बंद करावे, आणि ट्रान्झिस्टरचे पैसे वाचले असे समजावे. एलईडी बल्ब या कामी निरुपयोगी आहे, आणि तारेचे बल्ब दुकानांतून नाहीसे होत चालले आहेत, म्हणून दिसतील तिथे घेऊन ठेवावेत. बायस मात्र बल्बमधून लावू नये. तो पूर्ण पुरवठ्यावर, सेट वीसेक मिनिटे तापल्यानंतर, एमिटर रेझिस्टन्सवरचे मिलिव्होल्ट पाहत लावायचा, ०.४७ ओहमवर दहा मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे २१ मिलिअँपिअर, आणि बहुतेक मध्यम सेटांना हा आकडा मानवतो, तरी मॅन्युअल असल्यास त्याचाच शब्द प्रमाण मानावा. फिल्टर कंडेन्सर बटण बंद केल्यावरही भरलेले राहतात. त्यांना पेचकसाने शॉर्ट करण्याचा शूरपणा करू नये. पाच वॅटचा एक किलो-ओहमचा रेझिस्टन्स मिनिटभर लावून ठेवला की दहा हजार मायक्रोफॅरडचा कंडेन्सरही शांत होतो.

सुट्या भागांसाठी अखेर लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली गाठावी लागते, आणि तिथे जुन्या जपानी क्रमांकांच्या नावाने मिळणाऱ्या मालात नक्कल पुष्कळ असते: वरचे धातूचे झाकण मोठे, आतला सिलिकॉनचा तुकडा तांदळाच्या कणीएवढा. असा ट्रान्झिस्टर हळू आवाजात महिनोन्‌महिने चालतो आणि गणपतीत जातो. बनावट जुन्या क्रमांकापेक्षा चांगल्या कंपनीचा आधुनिक पर्याय बरा, मात्र एका चॅनेलची जोडी सोबतच बदलावी आणि अभ्रकाची चकती व पांढरी पेस्ट विसरू नये.

ज्याने यापूर्वी एकही अँप्लिफायर उघडलेला नाही त्याने आरंभ मोठ्या, डायरेक्ट-कपल्ड सेटावर न करता पंधरा-वीस वॅटच्या, आउटपुटला कंडेन्सर असलेल्या जुन्या लहान सेटावर करावा. त्यात मध्यबिंदूवर पुरवठ्याच्या निम्मा व्होल्टेज असतो, म्हणजे साठचा पुरवठा असेल तर तीस. तो सापडला की सर्किटाचा समतोल आहे असे मानून पुढे जाता येते, आणि तो ढळला तरी कंडेन्सर डी.सी. अडवून धरतो म्हणून बॉक्सची कॉइल जळत नाही. पुस्तिकेचे पहिले प्रकरण अशाच एका सेटाचे आहे, आणि त्याच्या नकाशावरील अकरा बिंदूंचे व्होल्टेज वाचकाने स्वतः मोजून बाजूच्या मोकळ्या रकान्यात लिहावेत, एवढ्यासाठी तो रकाना कोरा ठेवला आहे.